पाचव्या अक्षराची छाप

तीर्थरूप मारोतीमामा यांना,
न्यूझीलंडमधल्या ते रापा गावाहून मैत्रेयचा सविनय जय भीम.

तुमचे गुडघे कसे आहेत? मामींची साखर? आई रोज व्हिडिओ कॉलवर विचारतेच, पण पत्रात विचारल्याशिवाय पत्र लिहिल्यासारखं वाटत नाही. आम्ही सगळे मजेत. थंडी सोडली तर आईची न्यूझीलंडबद्दल तक्रार नाही. ओवीला मराठी समजतं, पण उत्तर ती इंग्रजीत देते, आणि आजीशी तिचं झकास जमतं, कारण दोघीही एकमेकींचं ऐकत नाहीत. तुमची सूनबाई अक्षता तिच्या ऑफिसात, मी दूध पावडरच्या कारखान्यात. तर मामा, मुख्य गोष्ट अशी, की मी वाचलो. आणि तुमच्या धंद्यामुळे वाचलो.

झालं असं, की मला १९६९ची मस्टँग, म्हणजे जुनी अमेरिकन गाडी, घ्यायची होती. (हसू नका. चाळिशीत काही जण दाढी वाढवतात, काही जण पळायला लागतात. मला गाडी हवी होती.) आता पैसे कुठून आणणार, हे तुम्ही विचारणारच. घर विकत घेताना आधी भरायच्या डिपॉझिटसाठी सहा वर्षं साठवत होतो, त्यातून. अक्षताला विचारलं नव्हतं. विचारणार होतो, गाडी दारात उभी राहिल्यावर. अशा गाडीची किंमत वाढतच जाते, दोन वर्षांनी विकून मोठं घर घेऊ, असं भाषण मी बाथरूमच्या आरशासमोर पाठ केलं होतं. भाषण इतकं चांगलं जमलं होतं, की मलाच पटायला लागलं.

या गाड्यांचा सगळा जीव नंबरात असतो. अकरा अक्षरं. पहिला आकडा साल सांगतो, मग कारखाना, मग बॉडी, आणि पाचवं अक्षर इंजिनाचं. तिथे आर असेल तर गाडीत मुळात राक्षसी इंजिन होतं. टी असेल तर साधं सहा सिलिंडरचं, भाजी आणायला पुरेल इतपत. इंजिन नंतर कुणीही बदलून घेतो, बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून लबाड लोक गाडी तीच ठेवून अक्षर बदलतात. हे सगळं मी सहा महिने जेवणाच्या सुट्टीत वाचत होतो. कारखान्यातले लोक मला बघून जागा बदलायला लागले होते, इतकं मी त्यांना ऐकवलं.

मग इथून सव्वा तासावरच्या पापाटोएटोला एक ब्रेट नावाचा गृहस्थ सापडला. घरी सांगितलं, आईला तिथल्या भारतीय दुकानांत नेतो. (खोटं नव्हतं. आधी मेथी घेतली.) ब्रेट जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर, घालून अंगणात उभा, मागे लालभडक गाडी. मामा, काय सांगू, मी आधी तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. तरी अभ्यास विसरलो नाही. डॅशबोर्डवरच्या पट्टीवरचा नंबर वाचला, बॉनेट उघडून आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर वाचला. दोन्ही जुळले. पाचवं अक्षर, आर! मी ब्रेटला म्हटलं, चालेल. मंगळवारी सगळे पैसे पाठवतो, आत्ता सही करतो. पेन कागदावर टेकवलं तेवढ्यात आई मागून म्हणाली, "काहून रे, छाप नाही घेत का?"

आता तुम्ही तीस वर्षं नागपुरात आरटीओबाहेर निंबाखाली टेबल टाकून बसलात, चॅसी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासलीत, छाप फॉर्मला चिकटवलीत. आईच्या लेखी छाप नाही ती गाडीच नाही. (लग्नाआधी तुमच्या अर्ध्या छापा तीच काढायची, तुमच्या हातून कागद फाटायचा, असं तिचं म्हणणं आहे. खरं-खोटं तुम्ही बहीण-भाऊ बघून घ्या.) मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ब्रेटला माफीच्या सुरात समजावलं, तो म्हणाला, "स्वीट ॲज, आंटी," म्हणजे खुशाल घ्या. आईने पिशवीतून पातळ कागद आणि पेन्सिल काढली, स्वेटरच्या बाह्या वर केल्या, आणि बॉनेटखाली डोकं घालून घासायला लागली.

दहा अक्षरं स्वच्छ उठली. पाचव्याभोवती मात्र रुपयाएवढा कागद पांढराच राहिला. आईने दुसऱ्यांदा घासलं, तरी तेच. पत्रा तिथेच खोलगट होता, म्हणजे कुणीतरी जुनं अक्षर घासून काढून नवं ठोकलं होतं आणि वरून रंग फासला होता. डोळ्यांना दिसत नव्हतं, पेन्सिलीला दिसलं. कडेला जुन्या टीच्या डोक्यावरची आडवी रेघसुद्धा पुसट उठली होती. आईने कागद ब्रेटसमोर धरला आणि मराठीतच विचारलं, "हे काय हाय, बाबू?" त्याला एकदम कुत्र्याला फिरवायला न्यायचं आठवलं. (कुत्रा मला तरी कुठे दिसला नाही.)

मामा, नंबरात फेरफार असलेली गाडी पोलिसांनी जप्त केली असती तर गाडीही गेली असती आणि घरही. अक्षताला कोणतं तोंड दाखवलं असतं? परतताना वाटेत बॉम्बे हिल्सला आमची गाडी थांबवली आणि सुटल्याच्या आनंदात दोन मटण पाय खाल्ले, म्हणजे बकऱ्याचे पाय नव्हे, इथले आत मटण भरलेले खाऱ्या पावासारखे असतात ते. आईने डब्यातली भाकर खाल्ली. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. जुन्या गाडीचं नाव आता जन्मात काढणार नाही.

मामींना आणि निंबाखालच्या मंडळींना जय भीम सांगा, गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमचा भाचा,
मैत्रेय

ता.क. : खरं काम सांगायचं राहिलं. अक्षता पुढच्या महिन्यात तुम्हाला फोन करणार आहे. विषय निघालाच, तर गाडी तुमच्या एका जुन्या गिऱ्हाइकासाठी बघायला गेलो होतो, तुम्हीच पाठवलं होतं, एवढं म्हणा. तुमचे उपकार विसरणार नाही.

ता.क. २ : मोबाइल अक्षताच्या हाती लागतो, म्हणून हे हाताने लिहिलंय. पाकीट आईकडे देतो, ती पोस्टात टाकेल.

ता.क. ३ : मामा, जय भीम. मी अक्षता. आईंनी पाकीट आणून माझ्याच हातात दिलं. गाडीचं मला पाच महिन्यांपासून माहीत आहे, बाथरूमचं दार पातळ आहे. पेन्सिल आणि कागद मीच आईंच्या पिशवीत ठेवले होते. आणि समजा पाचवं अक्षर अस्सल निघालं असतं, तर मंगळवारी यांनी पाठवलं काय असतं? डिपॉझिट तीन आठवड्यांपूर्वीच घरासाठी भरलंय. कागदांवर यांचीही सही आहे, गाडीचे फोटो बघता बघता केलेली. अकरा अक्षरं तोंडपाठ, पण स्वतःचं बँक खातं उघडून बघायला सवड नाही. पत्र पोचलं की फोन करते. तुम्ही ठरलेलं खोटं खुशाल सांगा, मी ऐकून घेईन. घर छान आहे, ऊन भरपूर, मागे लिंबाचं झाड. फक्त गॅरेज नाही. बिनगॅरेजचं घर या गावात शोधायला मला चार महिने लागले.