सगळेच साफ करायला उठले

बुधवार, दिवेलागणीला

स्वातीची नोकरी राहते का जाते, ते उद्या कळंल. पोरगी माझी, कॉम्प्युटरच्या आतली कामं करते, मला त्यातलं ओ का ठो कळत न्हाई. सकाळपासून दार लावून बसलीय. चहा द्यायला गेले तर दुपारचा कप तसाच, वर साय धरलेली.

"अगं झालं काय एवढं?"

"आई, मशीनची मेमरी भरली की सगळे प्रोग्राम काम टाकून जागा साफ करायलाच धावतात. मशीन अडकतं. थोड्यांनीच साफ करायचं, बाकीच्यांनी नंबर येईस्तोवर थांबायचं, असं बसवायचंय. पण थोडे म्हंजे किती, तेच जमंना. आन् उद्या साहेबांना चालवून दाखवायचंय, न्हाईतर घरी बसा म्हणालेत."

म्हनलं, पंगतीत सगळ्याच बाया पत्रावळ्या उचलायला उठल्या तर वाढायचं कुनी?

"तसंच," म्हणाली. हसली न्हाई.

मग हे आत गेले, सासूबाई गेल्या, मागून मी. धीर द्यायला! पोरगी कावली, "सगळे एकदम नका ना येऊ!"

आता दाराबाहेर बसून लिहितेय. तिच्या प्रोग्रामांसारखं मलाबी थांबायचंच. त्यांचा नंबर तरी येतो. माझा आला तरी आत जाऊन मी करनार काय? तिच्यासाठी परत केलेला चहा माझ्या शेजारीच हाय, त्यावरबी साय धरलीय.