सरकवलेली रेघ

प्रिय मावशी,

पाकीट बघून आधी घाबरशील, मग चष्मा शोधशील. घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. रोज फोन करणाऱ्या भाच्याला पत्राचं हे काय खूळ, म्हणशील. पण फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी दातखीळ बसते. गेले पाच महिने बसतेच आहे.

परवा तुझ्या बाइंडिंगच्या खोलीत आलो, तेव्हा तू दाबयंत्राचा दांडा कोपराने ढकलत होतीस. मला पाहिलंस आणि हात ॲप्रनच्या खिशात घातलेस. मग सुईत दोरा ओवून दे म्हणालीस, वर हसून, डोळे गेले बघ माझे! डोळ्यांना काय धाड भरली आहे तुझ्या? अंगठा वळत नाहीये, ते मला दिसलं. आई गेल्यावर मी तुझ्याकडे आलो, तेव्हा माझ्या पुस्तकाचं पान न् पान सुटलं होतं. तू आधी मला जेवायला घातलंस आणि मग ते शिवलंस, याच हातांनी.

माझं काम मी तुला कधी धड सांगितलं नाही. अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, तशाच त्यांना ‘पुरे आता’ म्हणून आवरणाऱ्याही असतात. त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. तुला आहे तशा संधिवातात त्या कमी पडतात, किंवा असूनही त्यांचं कोणी ऐकत नाही. मग लढणाऱ्या पेशी घरच्याच सांध्यांवर तुटून पडतात. डॉक्टरीणबाईंनी औषधाच्या चाचणीत तुला ती नवी इंजेक्शनं सुरू केली, ती या आवरणाऱ्या वाढतात का हे बघायला. वाढल्या तर जुन्या गोळ्या कमी करायच्या, नाही तर चाचणीतून बाहेर. आणि वाढल्या की नाही, हे मोजायचं आमच्या प्रयोगशाळेत, माझ्या यंत्रावर.

पडद्यावर नुसते ठिपके दिसतात गं. एक ठिपका म्हणजे एक पेशी. आवरणाऱ्या पेशींवरची खूण गडद असते, पण भडकलेल्या लढाऊ पेशींवरही तीच खूण जराशी फिकट उमटते. मधे रेघ मारायची ती माणसाने. म्हणून तर नळ्यांवर नावं नसतात, आकडे असतात. कोणाचं रक्त हे मोजणाऱ्याला कळू नये. पण तुझी शीर सापडत नाही, त्यामुळे रक्त घेणाऱ्या बाई तुझ्यासाठी लहान मुलांची नळी वापरतात. सगळ्या स्टँडमध्ये ती एकटी बुटकी. मला ओळखायला काय ज्योतिषी लागतो? त्याच क्षणी उठून सांगायला हवं होतं, की ही माझ्या मावशीची आहे, दुसऱ्या कोणाला तरी द्या. मी मूग गिळून बसलो.

तुझा आकडा कमी आला. जुन्या गोळ्यांनी तुला दिवस दिवस मळमळायचं, आणि या इंजेक्शनांवर तू किती आशा लावून बसली होतीस! मी ती रेघ थोडी डावीकडे, फिकट ठिपक्यांच्या बाजूला सरकवली. अगदी थोडी. आकडा झकास झाला. डॉक्टरीणबाईंनी तुझ्या गोळ्या आधी निम्म्या केल्या, मग बंद. मी शांतिदूत म्हणून जे मोजले, ते मारामारी करणारेच होते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ तुझ्यासमोर उभा राहिलो असतो. पण हात सुजल्यावर तू स्वतःचीच चूक शोधायला लागलीस, गार पाण्यात काम केलं, दाबयंत्र फिरवलं, विश्रांती घेतली नाही. आणि मी तुझ्यावर खेकसलो, की तू ऐकतेस कुठे कोणाचं! तू मान खाली घातलीस. मावशी, ती खाली घातलेली मान माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणाराही चोरच. माझीच मला किळस येते.

काल फोनवर म्हणालीस, की शिवायला आलेली शाळेच्या वाचनालयाची पुस्तकं तशीच परत पाठवलीस, दुकानाची पाटी मी येऊन उतरवायची, आणि गुरुवारी तपासणीच्या वेळी तू डॉक्टरीणबाईंची माफी मागणार, की ‘तुमचं औषध चांगलं होतं, मीच नियम मोडले.’ रात्रभर डोळा लागला नाही. आज सकाळी त्यांच्याकडे जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी रेघ होती तिथे नेली, आकडा निम्म्यावर आला. मला यंत्रावरून काढलंय, चौकशी होईल, व्हायलाच हवी. गोळ्या पुन्हा सुरू करायला त्या तुला आजच फोन करतील, आणि मोजणीत चूक झाली एवढंच सांगतील. बाकीचं मी सांगतो, असं मी त्यांना म्हणालो. म्हणून हे पत्र. ती चूक नव्हती, मावशी, ते मी केलं. सूज उतरेल, पण अंगठ्याच्या सांध्याचं जे झालं ते बहुतेक भरून येणार नाही, असं त्या म्हणाल्या. हेही तुला माझ्याकडूनच कळायला हवं. मला दारात उभं करायचं की नाही, ते तू ठरव. पण गुरुवारी कोणाची माफी मागू नकोस. तुझं काहीही चुकलं नव्हतं.

अजून म्हणू देशील तर, तुझाच,
घुम्या