बारावी मोरी

जेठ १४
ठरलं! सही केली. यंदा बाजारातले खड्डे बुजवायचे नाहीत — आधी घाटातली गटारं आणि रस्त्याखालच्या मोऱ्या उपसायच्या. पैसे मूठभर. खड्ड्यांत घातले तर महिनाभरात वाहून जातील. मोरी तुंबली तर अख्खा रस्ताच दरीत! कचेरीतले हाकिमसाहेब म्हणाले, "सुनकेसरी म्याडम, शिव्या मात्र तुम्ही खायच्या." खाईन!

जेठ १५
पहिली शिवी घरातच. बा याच रस्त्यावर बावीस वर्षं बस चालवतात. "लेक ओव्हरसियर झाली अन् बापाची कंबर मोडली!" मग उपसायच्या मोऱ्यांची माझी यादी वाचली. "अकराच? पवित्राच्या चहाच्या दुकानाजवळची बारावी?"
म्हटलं, बा, पैसे अकरांपुरतेच आहेत. तिथं पाणी येतच नाही, मी चढ मोजलाय.
"हं." बा 'हं' म्हणाले की माझं डोकंच फिरतं.

असार २९
पाऊस झोडपतोय. बाजारात हाका — "आल्या गटारवाल्या बाई!" बांची बस रोज पंधरा मिनिटं उशिरा, प्रवासी वैतागलेले. बा सगळ्यांदेखत सांगतात, "माझ्या लेकीचे खड्डे!" असा बाप वैऱ्यालाही नको.

साउन १९
तीन दिवस संततधार. शेजारच्या घाटात दरड, रस्ता बंद. माझा एक तासही नाही!!

भदौ ६
शेजारच्या ओव्हरसियरने सहा दिवसांत दरड हटवली म्हणून त्याला हार, फोटो. न कोसळलेल्या दरडीसाठी हार कोण घालणार? नको घालू देत. माझा रस्ता उघडा आहे, मला माहीत आहे.

असोज ३
पाऊस सरला. सगळ्या मोऱ्या पायी पाहिल्या. अकरा स्वच्छ. बारावीत तर पानही अडकलेलं नाही! म्हणजे ती वगळली तेच बरोबर. बांना मुद्दाम ऐकवलं. भात कालवत म्हणाले, "हं."

असोज १६
पवित्रादिदीच्या दुकानात बसून बाराव्या मोरीची फुशारकी मारत होते. ती चहा गाळता गाळता थांबली.
"पाणी येत नाही? अगं, लोंढा येतो! तुझे बा रोज बस थांबवून सीटखालची कुदळ काढायचे, मोरीचं तोंड मोकळं करायचे. लोक आत बसून बोंबलायचे. नाहीतर हे वळण माझ्या दुकानासकट गेलं असतं. मला म्हणाले, पोरीला सांगू नकोस, तिची पहिलीच यादी आहे."
चहा तसाच राहिला.

असोज १७
दसैं, दसऱ्याचा दिवस. थोरांच्या हातून कपाळाला टीका लावून घ्यायचा. बांसमोर बसले. मान वर होईना.
"मान वर कर, ओव्हरसियर," बा म्हणाले, "कपाळ दिसत नाही."