एका वेळी चारच चादरी

ऐन सफसाफ,
१२ ऑक्टोबर, शनिवार

डॉक्टरसाहेबांना हैसमच्या आईचा सलाम.

तुम्ही, वहिनी आणि दोन्ही मुली खुशाल असाल. मी बरी आहे, गुडघे सोडून. नायिफ रुग्ण घेऊन सीमेपर्यंत येतो, त्याच्याबरोबर हे पत्र आणि तेलात मुरवलेल्या भरल्या वांग्यांची बरणी पाठवते आहे. यंदा अक्रोड परवडले नाहीत, म्हणून निम्म्या वांग्यांत शेंगदाणे आहेत. वहिनींच्या लक्षात येईल, तुमच्या येणार नाही.

हैसम फोनवर मला हसला. म्हणाला, "आई, आता पत्र कोण लिहितं? आवाज पाठव की." पण आवाजाचं मला जमत नाही. मध्येच रडू येतं आणि मग ऐकणाऱ्यालाच आपली समजूत काढावी लागते. कागदावर ती सोय नाही, तेच बरं.

ऑलिव्हची काढणी सुरू झाली. शिडीवर चढायला पुरुष नाहीत, तेव्हा बायकाच चढतात आणि खाली उभे राहून म्हातारे सूचना देतात. खाणीमागच्या गुहेत छोटा दवाखाना उघडला आहे. धुण्याचं काम माझ्याकडेच आहे. तिथे दातांचे डॉक्टर फौझी टाके घालतात, कारण दुसरं कुणी नाही. परवा एका बाईला सवयीने म्हणाले, "आ करा." ती म्हणाली, "डॉक्टर, मला पायाला लागलंय." सगळी गुहा हसली.

गवंडी जासिमची बायको मात्र गेली. मूल आडवं होतं. फौझी म्हणाले, पोट कापायची माझी हिंमत नाही, आणि ते खरंच होतं. नायिफने गाडीत घातलं. सीमेपर्यंत दोन तासांचा रस्ता. अर्ध्यावरच संपलं, दोघांचंही.

लोक तुमच्याबद्दल अजून बोलतात. बोलू देत. मे महिन्यात काय झालं ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. कुणी कुणाला काय सांगितलं, ते आता उकरून काय मिळणार? तुम्ही तिकडे एखाद्या चांगल्या रुग्णालयात काम करत असाल. तसं दोन ओळींत कळवा, म्हणजे मला झोप लागेल.

बरणी परत पाठवा. काचेची आहे.

हैसमची आई


ऐन सफसाफ,
९ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरसाहेब,

सलाम. बरणी मिळाली. धुऊन पाठवलीत, म्हणजे वहिनींनी पाठवली. तुमचं पत्रही मिळालं. सात ओळी आहेत. त्या मला पाठ झाल्या आहेत. तुम्ही लिहिलंत: "मावशी, मी बुटांच्या गोदामात खोकी रचतो. ऑपरेशन करत नाही आणि करणारही नाही. घाण्याचा पत्ता मी माझ्या हाताने लिहून दिला. नऊ माणसं गेली. तोच हात पुन्हा कुणाच्या पोटात कसा घालू?"

तेव्हा जे उकरायचं नाही असं मागच्या पत्रात म्हणाले, ते आता उकरते. मधे थांबले तर पुन्हा धीर होणार नाही, म्हणून सरळ लिहिते. तुम्हीही सरळ वाचा.

जुन्या तेलाच्या घाण्यात तुम्ही रुग्णालय थाटलंत, तेव्हा सिस्टर फिर्यालने मला छतावर नेऊन नियम सांगितला होता. एका वेळी चारच चादरी वाळत घालायच्या. त्यांतली एक फुलाफुलांची. मध्ये मुलांचे कपडे. बाकीचं सगळं खाली तळघरात, वास आला तरी. "वरून बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, की इथे एक गरीब आणि जरा आळशी बाई राहते," असं ती म्हणाली. घर खरं वाटावं म्हणून मी ह्यांची ढगळ काळी विजार आणून टोकाला टांगली. रोज टांगायची, रोज काढायची. फिर्याल म्हणायची, "हैसमची आई, तुमचे हे जाऊन चार वर्षं झाली, अजून ड्यूटीवर आहेत. माझा जिवंत नवरा एवढं काम करत नाही." मी हसायचे. खरं सांगायचं तर ती विजार दोरीवर हलताना बघून मला बरं वाटायचं.

मग एप्रिलमध्ये यादीवरून तुमचं आणि फिर्यालचं भांडण झालं. तुम्ही म्हणालात, परदेशी कचेरीच्या यादीत पत्ता द्यायचा, म्हणजे लढणाऱ्या सगळ्यांना कळेल की इथे रुग्णालय आहे आणि इथे बाँब टाकायचा नाही. ती म्हणाली, "डॉक्टर, चोराला दागिन्यांचा डबा दाखवून सांगताय का, की ह्याला हात लावू नकोस?" तुम्ही म्हणालात, "कायदा आहे, सिस्टर. सगळ्या देशांनी सह्या केल्यात." आणि ते पातळ पुस्तक टेबलावर ठेवलंत.

ते पुस्तक मी घरी नेलं होतं. तुम्ही विचारलंत, "मावशी, वाचताय?" तेव्हा मी नुसती मान हलवली. मी शाळेत गेले नाही. हे गेल्यावर औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं जुळवत शिकले, मग ह्यांची पेटीतली पुस्तकं. तोवर कथा-कहाण्याच वाचल्या होत्या. हे पहिलं पुस्तक असं, की त्यात जे लिहिलंय ते पाळावंच लागतं. रुग्णालयावर हल्ला करू नये. जखमी कुणाच्याही बाजूचा असो, त्याला हात लावू नये. पाण्याच्या टाक्या, धान्याची कोठारं, तीही सोडावीत. मी दोनदा वाचलं. मला वाटलं, एवढं स्पष्ट छापलंय, तर आता भिण्याचं कारण नाही. तुम्ही पत्ता लिहिलात तो कागदही मी टेबल पुसताना वाचला. मला आनंद झाला होता, डॉक्टर. हे लक्षात ठेवा.

रमजानच्या आदल्या दिवशी ऊन पडलं. त्याआधी अकरा दिवस पाऊस होता. तळघरात चादरींना बुरशी धरली होती, शेवटच्या खाटेवरच्या आजोबांच्या पाठीला चट्टे उठले होते. आमच्याकडे कुठलीच बाई मळक्या अंथरुणाने रमजानमध्ये पाऊल ठेवत नाही. माझी आई आजारपणातही त्या दिवशी गोधड्या बडवायची. मी विचार केला, आता आपलं नाव यादीत आहे. आता लपायचं कशाला?

मी सगळ्या वर नेल्या. अडतीस चादरी. शिवाय ऑपरेशनचे हिरवे झगे. छताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोरी पुरेना, म्हणून मी ह्यांची विजार काढली आणि तिथे एक चादर घातली.

फिर्याल त्या दिवशी वरच्या वॉर्डात बाळंतिणीपाशी होती, छतावर आलीच नाही. आली असती तर तिने मला जिन्यावरून ढकलून दिलं असतं.

दुपारच्या नमाजानंतर विमान आलं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही खाली तळघरात ऑपरेशन करत होतात, म्हणून वाचलात. मी नळावर होते, म्हणून वाचले. वरच्या वॉर्डातलं कुणी उरलं नाही.

पण शरमेची गोष्ट ही नाही. ती यापुढे आहे.

तिसऱ्या दिवशी फिर्यालच्या आईकडे आम्ही सगळ्या बायका बसलो होतो. मातमाची कडू कॉफी फिरत होती. म्हातारी एकच प्रश्न विचारत होती, "वरून तर घाणाच दिसायचा. त्यांना कळलं कसं?" ती एकेकीच्या तोंडाकडे बघत होती. माझ्याकडे बघायची वेळ आली, तेव्हा मी बोलले. कुणी मला विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "डॉक्टरांनी पत्ता लिहून दिला होता. तो कागद मी स्वतः वाचला."

मला वाचता येतं याचा मला केवढा अभिमान होता. तो मी असा वापरला.

संध्याकाळपर्यंत तुमच्या दारावर दगड पडले. जाताना तुम्ही माझ्याकडे आलात. म्हणालात, "मावशी, तुम्ही तरी माझ्यावर रागावू नका." आणि मी म्हणाले, "नाही रागावले." तुमच्या मुलीच्या हातात खजूर दिले. दार लावून घेतलं. रडलेसुद्धा नाही.

चादरींमुळे झालं, की यादीमुळे, की दोन्हींमुळे, की ते कुठल्याही दिवशी आलेच असते? ते विमानात बसलेल्यालाच ठाऊक. गुन्हा त्याचा आहे. हे मी कुठेही, कुणापुढेही सांगेन. आजारी माणसाची चादर उन्हात घालणं हा गुन्हा नाही आणि पत्ता देणं हाही नाही. पण लोक त्याच्यापर्यंत पोचू शकत नव्हते, त्यांना हाताशी असलेलं कुणीतरी हवं होतं, आणि मी त्यांना तुम्हाला दिलं. सहा महिने मी बाजारातून ताठ मानेने चालले. लोक मला म्हणायचे, बिचारी, थोडक्यात वाचली.

तुमचं पत्र आल्यावर काल शुक्रवारी मी फिर्यालच्या आईकडे गेले. ती मसूर निवडत होती. मी समोर बसले आणि हेच सगळं सांगितलं, इथे लिहिलंय तसं. तिने हात थांबवले नाहीत. माझं बोलून झालं तरी ती खडे काढत राहिली. मला वाटलं, ऐकू आलं नसेल.

मग तिने विचारलं, "चादरी वाळल्या होत्या का?"

मी म्हणाले, "हो. कडक वाळल्या होत्या."

कारण त्या दिवशी कफनाला कापड पुरलं नव्हतं, डॉक्टर. जिन्याकडच्या दोऱ्यांवरच्या चादरी शाबूत होत्या. तुम्हीच म्हणालात, त्या घ्या. नऊही जणांना आम्ही त्यांतच गुंडाळलं.

म्हातारी म्हणाली, "ओलं तिला सोसायचं नाही. लहानपणापासून सर्दीची." थोड्या वेळाने म्हणाली, "ऊठ आता. उद्यापासून माझ्याकडे येऊ नकोस. आणि त्या डॉक्टरला कळव."

म्हणून कळवते आहे.

माफी मागत नाही. ती मागितली तर तुम्ही देऊन टाकाल, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. इकडे या असंही म्हणत नाही. पण तिकडेही आपली माणसं आहेत, तिथेही आडवी मुलं असतील. जासिमच्या बायकोला न्यायला दोन तास लागले. तुमचा हात असता तर वीस मिनिटं लागली असती. तो हात बुटांच्या खोक्यांवर ठेवायला माझं खोटं कारणी लागू देऊ नका.

गुहेतल्या चादरी मी धुते. एका वेळी चारच घालते. ह्यांची विजार पुन्हा टोकाला आहे.

हे पत्र लपवू नका. वहिनींना दाखवा, ज्यांनी तुमच्याकडे पाठ फिरवली त्यांना दाखवा, कुणी चौकशीला आलं तर त्यांनाही. गावात हैसमची आई या नावाच्या तीन बायका आहेत, तेव्हा कुणाचा गैरसमज नको. पूर्ण नाव लिहिते. अक्षर माझंच आहे.

वस्फिया अल-हमादा,
घाण्यातल्या रुग्णालयाच्या चादरी धुणारी