रविवारचे मागचे चाक परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. सुटे भाग अधिकारी,
वाहन तपासणी कार्यालय,
तळमजला, जिन्यामागची खोली.

विषय : सासऱ्यांच्या सायकलीचे रस्त्यावरचे मागचे चाक येत्या रविवारच्या आत परत मिळण्याबाबत.

संदर्भ : आपल्या निरीक्षकांनी भिंतीवरून चाक उतरवून नेताना दिलेली पावती.

महोदय,

खाली सही करणारी सून आपणांस अदबीने कळविते ते असे :

१. माझे सासरे पूर्वी सायकलीवरून घरोघर पाव पोचवीत. कालव्यापलीकडे चढाच्या टोकाला त्यांची थोरली बहीण राहते. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का अंथरुणाला खिळली आहे. दर रविवारी सासरे तिला भेटायला जातात आणि दर रविवारी ती उजाडल्यापासून दार उघडे ठेवायला लावते. चढ असा आहे की गुडघे चार दिवस बसून राहिले तर पाचव्या दिवशी ऐकत नाहीत. सबब सासरे आठवडाभर पुढच्या खोलीत सायकल मारतात.

२. खोलीतल्या सायकलीचे मागचे चाक लोखंडी स्टँडवर उचललेले असते व एका रोलरला घासून फिरते. चाक पळते, खोली जागची हलत नाही. यात रस्त्याचा टायर तापतो, झिजतो आणि त्याची काळी पूड लादीवर पडते. ती मी पुसते. म्हणून सायकल दुरुस्त करणाऱ्याने सल्ला दिला की, घरासाठी मागचे चाक वेगळेच ठेवा. त्याला त्याने कडक, गुळगुळीत टायर चढवून दिला आणि रिमवर पांढऱ्या रंगाने लिहिले, 'रस्त्यावर नको'. तेव्हापासून रस्त्याचे चाक आठवडाभर भिंतीवर खिळ्याला असते. रविवारी सकाळी ते खाली उतरते, घरचे चाक खिळ्यावर चढते. दोघांची अशी पाळी ठरलेली होती व दोघांचेही बरे चालले होते.

३. सासरे खोलीत डोळे मिटून सायकल चालवतात. अक्काचा रस्ता त्यांना पाठ आहे. शिंप्याच्या दुकानापाशी ते वेग कमी करतात, कालव्याच्या पुलावर हात दाखवतात, वळणावर घंटी वाजवून 'सरका हो बाजूला' म्हणतात. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका बाईंनी तक्रार केली की, डोक्यावरची रहदारी फार वाढली आहे. तक्रार खोटी आहे असे माझे म्हणणे नाही.

४. त्यावरून आपले निरीक्षक आले व पाहणीसाठी सायकलीच्या अगदी पुढे उभे राहिले. सासऱ्यांनी डोळे उघडून ब्रेक दाबला आणि म्हणाले, "साहेब, आधी तुम्ही जा." निरीक्षक मान हलवून कपाटाच्या बाजूने खिडकीच्या बाजूला गेले. नंतर त्यांनी अहवालात लिहिले की, ज्याअर्थी वाहन थांबले व आम्ही ओलांडून गेलो, त्याअर्थी खोलीत रस्ता आहे. निरीक्षकांना दोष नाही. सासऱ्यांनी थांबून वाट दिली की कुणीही ओलांडूनच जातो, मीही चहा घेऊन जाताना दोन्हीकडे बघते.

५. मग त्यांनी चाके मोजली. एक पुढचे, एक मागचे, एक भिंतीवरचे. वाहन तीनचाकी ठरले. भिंतीवरच्या चाकाकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "हे कुणाचं?" सासरे सरळ माणूस. म्हणाले, "ते रविवारचं." पावतीवर मालक म्हणून रविवार लिहिलेला आहे. सदर मालकास घेऊन यावे, असे मला आपल्या कार्यालयाच्या पहिल्या खिडकीवर सांगण्यात आले. तो ज्या दिवशी येतो त्या दिवशी आपले कार्यालय बंद असते.

६. दुसऱ्या खिडकीवर सांगण्यात आले की, सायकल स्वतःच्या चाकांवर तपासणीला आणा. मागे उरलेले घरचे चाक रस्त्यावर घसरते. मी आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आणून पाहिले, कोपर सोलले आहे. घरी येऊन तपासा म्हटले, तर घरी ती धावत असते आणि धावत्या वाहनाची तपासणी होत नाही. तिसऱ्या खिडकीवरच्या बाई मायाळू होत्या. त्या म्हणाल्या, "सायकल कुठेच जात नाही एवढं सासऱ्यांकडून लिहून आणा, चाक लगेच देते." मी लिहून नेले. सासऱ्यांनी चष्मा लावून वाचले, पेन बंद केले आणि म्हणाले, "सूनबाई, खोटं कसं लिहू? पुलापर्यंत आलोय मी."

७. दोन रविवार दार उघडे राहिले आणि कुणी आले नाही, तेव्हा अक्काने दूधवाल्याकडून निरोप धाडला : "तू तिकडून निघ, मी इकडून निघते." आम्ही समजलो, म्हातारपणाचे बोलणे. पण दूधवाला सांगतो, ती खरोखर उठली. आधी पलंगाच्या कडेला बसली, मग काठी धरून कपाटापर्यंत गेली, आता दारापर्यंत येते. दाराशी उभी राहून म्हणते, अजून उतार बाकी आहे. इकडे सासऱ्यांनी पायडलाचा जोर वाढवला आहे. दोघे आपापल्या खोलीत एकमेकांकडे निघालेले आहेत, आणि मी मधल्या मध्ये लादी पुसते आहे.

८. सासऱ्यांच्या हिशेबाने गाठ कालव्याच्या पुलावर पडणार. मी चौकशी केली. पूल आपल्याच हद्दीत येतो. तरी विनंती की, चाक घरपोच द्यावे. ते नियमात बसत नसल्यास रविवारी सकाळी पुलाच्या कठड्याला अडकवून ठेवावे. पाना सासऱ्यांच्या खिशात असतो, बदलून ते स्वतः घेतील. आणि पलीकडच्या बाजूने काठी टेकत एक म्हातारी येताना दिसली, तर तिला वाहन कोणते व चाके किती हे कृपया विचारू नये. तिला फक्त वाट द्यावी.

आपल्या उत्तराकडे व खिळ्याकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
दुसऱ्या मजल्यावरची सून

दिनांक : चाक नेल्यानंतरचा तिसरा सोमवार

सोबत :
१) जप्तीची पावती, छायाप्रत.
२) टायरची काळी पूड, एक पुडी. घरासाठी वेगळे चाक का लागते, याचा पुरावा म्हणून.
३) सायकलीची घंटी, मूळ. सासऱ्यांनी तक्रारीचा मान राखून स्वतःच काढून दिली आहे. वळणावर ते आता तोंडाने वाजवतात, आणि खालच्या शिक्षिका बाई खालून 'या, रस्ता मोकळा आहे' म्हणतात.