माझ्या हातून झालेली पहिली अटक

३ तारीख, सोमवार
सायकलची घंटी कुणीतरी चोरली. जिन्याखालून, दिवसाढवळ्या! सायकल घेऊन दोन वर्षं झाली, उद्यापासून चालवणारच होतो. डोकं फिरलंय. टॅक्सी करून पोलीस चौकीत गेलो. घंटी कितीची, टॅक्सी कितीची, असं विचारून हसले. हलकट.
बायको म्हणाली, नळ गळतोय, प्लंबर बोलावते. म्हटलं, खबरदार. रविवारी मी स्वतः बदलणार.

५ तारीख, बुधवार
वकील मेहुण्याला फोन. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा घडला तर साधा नागरिकही अटक करू शकतो म्हणे! 'पण,' असं तो म्हणाला, तिथे मी फोन ठेवला. वकिलांचं पोटच 'पण'वर चालतं.
इतकी वर्षं हे कुणी का सांगितलं नाही? आधी घंटीचोर. मग जिन्यात कचरा ठेवणारे. मग आमचा हेडक्लार्क.

९ तारीख, रविवार
पाळतीवर होतो, नळ राहिला. आरशासमोर 'तुम्हाला अटक करण्यात येत आहे' म्हणून पाहिलं. नंतर 'तुला' केलं. चोराला कसलं अहोजाहो!
बायको सायकलबद्दल काहीतरी सांगत होती. नेमकं कामाच्या वेळी.

११ तारीख, मंगळवार, दुपार
पकडला! रजा सार्थकी लागली. हातात माझी सायकल, खांद्यावर अवजारांची पिशवी, आणि कुलपाची किल्लीसुद्धा! सराईत आहे. दंड धरून मीटरच्या खोलीत कोंडला. 'बाईंना विचारा,' म्हणत होता. चोराच्या उलट्या बोंबा.
लगेच पोलिसांना बोलावणार होतो, पण या अवतारात? दाढी केली, अंघोळ केली, शर्टाला इस्त्री केली. नळ आपोआप गळायचा थांबलाय. जेवलो. आता जरा पडतो.

तोच दिवस, संध्याकाळ
तो प्लंबर निघाला. शनिवारी मी ऑफिसात असताना त्याने नळ दुरुस्त केला, आणि गंजतेय तर घेऊन जा म्हणून बायकोने त्याला सायकल देऊन टाकली. किल्लीसकट. ती न्यायला तो आज आला होता. कामावरून परतल्यावर तिनेच त्याला बाहेर काढलं आणि चौकीतही तीच घेऊन आली. मला.
फौजदार म्हणाला, "सायकलची चोरी झालेलीच नाही. गुन्हा एकच दिसतोय, माणूस कोंडून ठेवल्याचा. आणि खरा चोर असता तरी लगेच आमच्या ताब्यात द्यायचा असतो. आधी जेवायचं नसतं."
मेहुण्याचा 'पण' हाच असावा. सांगायचा ना मग नीट!
तक्रार करायची की नाही हे प्लंबरच्या हातात होतं. तो पिशवी खांद्याला लावत म्हणाला, "जाऊ दे साहेब. बाई चांगल्या आहेत."
बायको टॅक्सीने एकटीच निघून गेली. माझं पाकीट घरी. शेवटी प्लंबरच म्हणाला, "बसा मागे."
बसलो. चढ आला की उतरा म्हणायचा, उतरत होतो. सायकलला घंटी नाही, त्यामुळे वाटेत 'बाजूला व्हा, बाजूला व्हा' ओरडायचं काम माझ्याकडे होतं.
लोक बाजूला होत होते.