देवीच्या गालांवरचे फोड

ठाणे, फाल्गुन वद्य ४, शके १८१०

राजमान्य राजश्री दौलतदादा यांचे सेवेशी, धाकट्या मेहुण्याचा, गोपीनाथाचा, साष्टांग नमस्कार. येथे सर्व खुशाल. आपला गुडघा कसा आहे? (लेप वाळेपर्यंत जिना उतरू नये, असे आपली बहीण शकू सांगते. आपण ऐकणार नाही, हेही तीच सांगते.) आपल्या मातोश्री गोदूबाई दोन महिने आमच्याकडे आहेत, त्यांची प्रकृती आम्हा सर्वांपेक्षा ठणठणीत आहे.

मी टेंभी नाक्यावर विजेने चांदीचा मुलामा देण्याचे दुकान घातले, हे आपण जाणताच. बाळकुमच्या पंढरी पाटलांनी गावदेवीचा पितळी मुखवटा विश्वासाने दिला. पाडव्याला पालखी. चांदीच्या पाण्यातून निघाला तेव्हा मुखवटा असा शुभ्र, की शकूने हात जोडले. घासून झिलई द्यायला घेतला तो दोन्ही गालांवर फोड उठले आणि पापुद्रे सुटले. पाटील बघून ओरडले, "अरे गोपीनाथा, देवीलाच देवी आल्या! आता गावानं कुणाला नवस बोलायचा?"

मी वीज देणाऱ्या बाटल्यांतल्या जस्ताच्या पट्ट्या बदलल्या. मग विहिरीच्या पाण्याचा संशय आला, म्हणून ते उकळून गाळले (अर्धे शकूने भाताच्या आधणाला नेले). जुनी चांदी उतरवून पुन्हा मुलामा दिला. पुन्हा फोड, त्याच जागी, तेवढेच! पाटलांनी बजावले आहे, तिसऱ्यांदा फोड आले तर मुखवटा कल्याणच्या सोनाराकडे आणि माझ्या बाटल्या खाडीत. असे झाले तर ठाण्यात मला कोणी पळीसुद्धा देणार नाही.

तेव्हा डोके शांत ठेवून विचार केला. बाटली बिघडली तर सगळा चेहरा बिघडेल, ती नेमके गालच कशाला धरील? चिंच-राखेने घासलेल्या पितळेला तेलाचे बोट लागले, तर तेवढ्या जागी चांदी धरत नाही. आणि आमच्या घरात देवीच्या गालांवरून हात फिरवून, कडाकडा बोटे मोडून दृष्ट कोण काढते? तेही नातीची वेणी घालता घालता, तेलाच्या हाताने? मातोश्रींना दोष देण्याची माझी छाती नाही, पण आपण सुज्ञ आहात. कळावे.

ता. क. : मातोश्रींना कल्याणची फार आठवण येते. (त्या तसे बोलत नाहीत, मी ओळखले.) शुक्रवारच्या गाडीने त्यांना धाडतो. स्टेशनावर माणूस पाठवावा.

दुसरा ता. क. : वरील मजकूर शकूने आईला वाचून दाखवला. मातोश्री दुकानात आल्या, फोडांवर आपली बोटे ठेवून पाहिली. बसेनात. मग म्हणाल्या, "जावईबापू, तुमचे अंगठे आणा बघू इकडे." दादा, दोन्ही बरोबर बसले. उजव्या फोडात माझ्या कानशीच्या जुन्या जखमेची आडवी रेघसुद्धा आहे. मुखवटा पाण्यात सोडताना मी गालांनाच धरतो. "आणि धरायच्या आधी मिशीला पीळ देता," मातोश्री म्हणाल्या, "अर्धी वाटी तेल पिते ती मिशी."

आज चांदी पुन्हा उतरवून त्यांनी स्वतः मुखवटा घासला, दोऱ्याने बांधून पाण्यात सोडला. झिलई दिली. एक फोड नाही. पालखीपर्यंत इतर भांडीही त्याच पाहणार आहेत आणि मला दुकानाच्या उंबऱ्याआत मज्जाव आहे. सबब शुक्रवारच्या गाडीने मीच येतो. माणूस पाठवण्याची तसदी घेऊ नये, मला घर ठाऊक आहे.